धरून ठेवा

होळी झाली आणि विहिरीचं पाणी पायरीखाली गेलं. नयन रोज सकाळी आत वाकून बघायची आणि पंपाचं बटण दाबायची. भेंडीच्या शेवटच्या सऱ्यांपर्यंत पाणी पोचायच्या आतच पंप फुसफुसायला लागायचा. मग उरलेल्या सऱ्यांना हंड्यानं पाणी. एक हंडा तिच्या डोक्यावर, एक कमरेवर, आणि मागून ऋतिका दोन कळश्या घेऊन. पोरगी नववीत होती. अंगानं काटकुळी, पण पाणी वाहायला कधी कुरकुरली नाही.

जमीन त्यांची नव्हती. सासऱ्याच्या वाटणीची होती ती आधी शीळफाट्याच्या रस्त्यात आणि मग टॉवरवाल्यांकडे गेली. हा तुकडा दौलतशेठचा. दौलतशेठ नात्यानं नयनच्या नवऱ्याचा, परशुरामचा चुलता, आणि गावच्या शाळेचा चेअरमन. "पडीक ऱ्हान्यापरीस तुमी लावा काय तरी," असं एकदा म्हणाला, तेव्हापासून नयन तिथे वाल, माठ, भेंडी पिकवायची आणि टोपली घेऊन डोंबिवलीत विकायला बसायची. परशुराम फाट्यावरच्या गोदामात माल उतरवायचा. त्याची पाठ आता पूर्वीसारखी चालत नव्हती, त्यामुळे या तुकड्याकडे घरात सगळ्यांचंच लक्ष असायचं.

भेंडी तोडताना शाळेचा फोन आला. ताबडतोब येऊन भेटा. नयननं हात धुतले, तरी भेंडीची कूस बोटांतून जाईना. खाजवत खाजवतच ती शाळेत पोचली. टाचांना चिखल होता. ऑफिसातल्या फरशीवर त्याचे ठसे उमटले तसे तिनं पाय साडीखाली ओढून घेतले.

हेडमास्तर तानाजी सर खुर्चीत होते. शेजारी एक तरुण बाई, सुती कुर्ता, गळ्यात ओळखपत्र.

"या मृणाल मॅडम," सर म्हणाले. "कोपरीहून येतात. मुलांचा ताण कमी करायचा प्रकल्प आपल्या शाळेत चालू आहे ना, त्याच्या ट्रेनर."

मृणाल हसून म्हणाली, "ताई, घाबरू नका. ऋतिकाविषयी थोडं बोलायचं होतं. घरी काही टेन्शन असतं का?"

"टेन्शन म्हंजे?"

"म्हणजे भांडणं, आवाज चढवून बोलणं. तिचे बाबा ड्रिंक घेतात का?"

नयनचा चेहरा तापला. परशुराम हळदीला, लग्नाला घ्यायचा. गावात कोण घेत नव्हतं? पण हे या परक्या पोरीला कशासाठी सांगायचं, आणि तेही सरांसमोर. तिनं नुसती मान हलवली. ती होकाराची की नकाराची, तिचं तिलाच कळलं नाही. मृणालनं कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

"आम्ही मुलांना डोळे मिटून शांत बसवतो," ती सांगू लागली. "श्वास घ्यायचा, धरून ठेवायचा, हळूहळू सोडायचा. शरीरात जे जाणवेल त्याच्याकडे नुसतं बघायचं. बाकीची मुलं छान रमतात. ऋतिका मात्र स्थिर बसूच शकत नाही. मांड्या आवळते, पाय हलवते, कपाळावर घाम येतो. परवा तर मध्येच उठून भिंतीला टेकून उभी राहिली. शरीर असं बोलत असतं, ताई. तिच्या आत काहीतरी दबलेलं आहे."

"आणि त्यानं बाकीच्यांचं लक्ष विचलित होतं," सर म्हणाले. "पुढच्या शनिवारी प्रकल्पाला पैसे देणाऱ्या कंपनीचे पाहुणे येणार आहेत. घरचं वातावरण जरा नीट ठेवा. मुलांवर परिणाम होतो."

जाताना मृणालनं तिला शांतिकक्ष दाखवला. पूर्वी या खोलीत मोडकी बाकं पडलेली असायची. आता भिंतींना फिकट निळा रंग, खाली गाद्या, खिडक्यांना पडदे, वर नवे पंखे. नयन दारातच थांबली. आत पाय टाकायचा धीर तिला झाला नाही.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की सरांनी आपल्या घराची लाज काढली, आणि ती या कार्टीमुळे. संध्याकाळी ऋतिका आली तशी तिनं तिच्या हातातला मोबाईल ओढून घेतला.

"धा मिन्टा बसवत नाय तुना? मांड्या कसाला आवलतंस? लोक मना इचारतान, नवरा पितो क."

ऋतिका आईकडे बघत राहिली. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं. मग ती दप्तर खाली टाकून मागच्या मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली ती सरळ माठाकडे. तीन-चार पेले पाणी घटाघटा प्यायली.

ओटीवर वाल सोलत बसलेली सासू, गोदा, म्हणाली, "नयन, ही पोरगी सकालधरना पान्याचा थेंब पीत नाय. शालेतना आली का मंग अशी ढोसतं. बघ जरा."

"तुमी लाडावून ठेवलाय तिला," नयन म्हणाली आणि भेंडीच्या टोपलीवर ओलं फडकं टाकायला निघून गेली.

दोन दिवसांनी पाणी वाहता वाहता ऋतिकाच्या हातून कळशी निसटली. ती सरीच्या कडेला खाली बसली आणि दोन्ही हातांनी ओटीपोट धरलं. नयननं तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. तेवढ्या उन्हातही पोरगी थडथड उडत होती. नयननं तिला जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं आणि डोंबिवलीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासून घेतली आणि चष्मा काढून ठेवला.

"जळजळ किती दिवस आहे?"

"लय दिवस," ऋतिका भिंतीकडे बघत म्हणाली.

"आईला सांगितलं नाहीस?"

तिनं एकदा नयनकडे बघितलं.

"शाळेत बाथरूमला जातेस का?"

"कुलूप हाय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. पाण्याची मोटार जळलीय. पोरं कंपाउंडच्या मागे जातात. आम्ही पण जायचो, दोघी-तिघी मिळून. आता तिकडं साइटवाल्यांच्या शेड झाल्यात. माणसं बसलेली असतात." तिचा आवाज बारीक झाला. "मग आम्ही पाणीच पीत नाय. तरी येते. मॅडम बोलतात धरून ठेवा, तेव्हा लयच येते."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. "इन्फेक्शन वर चढायला लागलंय. गोळ्या पूर्ण करायच्या, भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी अजिबात तुंबवायची नाही. नाहीतर किडनीवर जाईल. हे शाळेला सांगा. तुमच्या गावाकडची मी पाहतेय अशी ही पहिली मुलगी नाही."

परतीच्या रिक्षात ऋतिका तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. नयनचे डोळे कोरडे होते. पोरीनं त्या दिवशी बोलायला तोंड उघडलं होतं आणि आपणच ते बंद केलं, हे तिला आठवत होतं. पण त्याहून जास्त आठवत होता तो निळा रंग, ते नवे पंखे, आणि 'आत काहीतरी दबलेलं आहे' म्हणणारा तो गोड आवाज. 

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. या वेळी तिनं पाय साडीखाली ओढले नाहीत.

"मोटारीचं पत्र वर दिलंय," तानाजी सर म्हणाले. "मंजुरी आली की होईल. माझ्या खिशातून तर नाही ना बसवता येणार?"

"रंगाला, पंख्यांना कुटना आयलं?"

"ते कंपनीचे पैसे, ताई. ते त्या प्रकल्पालाच वापरायचे असतात. इकडचे तिकडे करता येत नाहीत."

"आनी पोरींनी कं करायचा?"

सर जरा अवघडले. या विषयावर बाईमाणसाशी बोलायची त्यांना सवय नव्हती. "बाकीच्या मुली करतातच की ॲडजस्ट. घरूनच जाऊन यायचं. उन्हाळ्याचं पाणी थोडं कमी द्या तिला."

"डॉक्टरीन बोल्ली, जास्त द्या."

"मग आठ दिवस घरीच ठेवा," सर म्हणाले आणि समोरचं रजिस्टर उघडलं. "फक्त शनिवारी पाठवा. तिला पाहुण्यांसमोर चार वाक्यं बोलायची आहेत. आधी ताण होता, आता बरं वाटतं, अशी. मृणाल मॅडमनीच तिला निवडलंय. तुमच्याच मुलीचं नाव होईल."

रात्री जेवताना तिनं हे परशुरामला सांगितलं. तो भात चिवडत राहिला.

"दौलतकाकांशी मी बोलतो," तो शेवटी म्हणाला. "तू मधी पडू नको. चेअरमन हायेत ते. उद्या बोलले, तुकडा सोडा, तर कुठं जाशील भेंडी घेऊन?"

"पोरीच्या किडनीवर गेला तर कुठं जाशील?"

"बोलतो बोललो ना मी." त्यानं ताटातच हात धुतला. "शनिवारी गुपचूप बसून ये. माझी शपथ हाय तुला."

तो दौलतशेठशी बोलला की नाही, हे नयनला कळलं नाही. शनिवार आला तरी कुलूप तसंच होतं.

शनिवारी शाळेसमोर मांडव घातला होता. गावातल्या बाया नव्या साड्या नेसून खुर्च्यांवर बसल्या होत्या. पुढे सोफ्यावर कंपनीच्या दोन मॅडम, त्यांच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दौलतशेठ. मृणाल माइकवर सगळ्यांना डोळे मिटायला सांगत होती. नयन मागच्या रांगेत टोकाला बसली. तिनंही डोळे मिटले. नवऱ्याची शपथ होती.

"श्वास आत घ्या," मृणालचा आवाज आला. "धरून ठेवा."

नयननं डोळे उघडले. सगळा मांडव डोळे मिटून बसला होता. शाळेच्या कडेनं, बोअरिंगच्या हातपंपाकडून, दोन पोरी येत होत्या. ऋतिका आणि तिची मैत्रीण सान्वी. दोघींच्या हातांत भरलेल्या दोन-दोन बादल्या. ऋतिका थोडी वाकून, ओटीपोट सांभाळत चालत होती. पाणी हिंदकळून तिचा गणवेश गुडघ्यापर्यंत भिजला होता. तिच्या गोळ्या अजून संपल्या नव्हत्या.

नयन उठून गेली.

"कुटं चाललाव पानी?"

"शिक्षकांच्या बाथरूमला," सान्वी दबक्या आवाजात म्हणाली. "पाहुण्या मॅडमना जायचंय. सर बोलले पिंपभर पाणी टाका आणि फिनेल मारा."

"तुमाला सांगला?"

"शिपाई नाय आले आज."

नयननं ऋतिकाच्या हातातल्या बादल्या काढून घेतल्या. कड्यांचे लाल वळ पोरीच्या तळव्यांवर उठले होते. नयन शिक्षकांच्या बाथरूमकडे वळली नाही. ती सरळ मागच्या बाजूला, मुलींच्या संडासाकडे गेली. कडी गंजलेली, कुलूप मात्र चांगलं होतं. तिनं बादल्या खाली ठेवल्या, कंपाउंडच्या कडेचा डबराचा एक दगड उचलला आणि दोन्ही हातांनी कुलपावर घातला. मांडवातली शांतता एवढी होती की तो आवाज सगळ्या गावाला ऐकू गेला असेल. दुसऱ्या घावाला कडी वाकली. तिसऱ्याला कुलपासकट खाली पडली.

आत रंगाचे डबे होते. फिकट निळ्या रंगाचे, अर्धे-निम्मे भरलेले, एकावर एक रचलेले. त्यांच्यामागे गाद्यांची प्लॅस्टिकची वेष्टनं, ब्रश, पंख्यांची रिकामी खोकी. पार भिंतीपर्यंत. शांतिकक्षाचं उरलंसुरलं सगळं सामान इथं आणून टाकलं होतं.

 नयननं पहिला डबा उचलला आणि बाहेर मैदानात भिरकावला. तो घरंगळत मांडवाच्या दिशेनं गेला. दुसरा. तिसऱ्याचं झाकण उडालं आणि मातीवर निळा पट्टा ओढला गेला. आता मांडवात कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते.

तानाजी सर पळत आले. "ताई, काय चाललंय हे? पाहुणे बसलेत तिकडं."

"बसू द्या ना. मी कुटं माइक मागतंय?" तिनं खोकी लाथेनं बाहेर काढली. "सरा, बाजूला. रंग लागल कपड्यांना."

एक बादली तिनं फरशीवर ओतली, खराट्याच्या बुडख्यानं खसाखसा घासली. दुसरी आत ठेवली. मग ऋतिकाकडे वळून म्हणाली, "जा."

ऋतिका जागची हलली नाही. मांडवातली सगळी माना वळवून बघत होती. वर्गातली पोरं खिडकीत आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, नको ना. सगळे बघतायत."

हे मात्र नयनच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी आपल्याच थोबाडीत मारली. पण आता मागं फिरता येत नव्हतं. दाराची आतली कडी मोडलेली होती. तिनं दार अर्धवट लोटलं, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पदर दोन्ही हातांनी पसरून आडोसा केला.

"मी उभी हाय," ती हळू म्हणाली. "कोन नाय बघत. बघंल त्याचं डोलं काढीन."

ऋतिका तरी हलेना. सान्वी मात्र एकदम पुढे आली, पदराखालून आत शिरली. मग आठवीतल्या दोघी आल्या, आणि मग मांडवात मागे बसलेल्या पोरी एकेक करून उठायला लागल्या. बघता बघता रांग झाली.  दोन बायांनी नव्या साड्यांचे काष्टे खोचले आणि बोअरिंगवरून पाणी आणायला लागल्या. ऋतिका डोळे पुसून रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

कंपनीच्या मॅडम दौलतशेठशी काही बोलल्या आणि गाडीकडे चालू लागल्या. दौलतशेठ गाडीपर्यंत हात जोडून गेला. येताना त्यानं नयनकडे एकदाच बघितलं.

मृणाल माइक ठेवून आली. ती नयनसमोर थांबली. मग म्हणाली, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मीसुद्धा इथे यायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. ते शिक्षकांचं बाथरूम फार घाण असतं म्हणून."

"मंग आमचे पोरीच्या आत कं दबलाय," नयन म्हणाली, "ता तुमाला कसा नाय कलला?"

मृणालनं मान खाली घातली. नयनला तिची दया आली नाही. "जायचा आसल तर लायनीत उभी ऱ्हा," ती म्हणाली. मृणाल गेली आणि खरंच ऋतिकाच्या मागे उभी राहिली.

सोमवारी विहिरीवरचा पंप कुणीतरी काढून नेला होता. दौलतशेठचा माणूस बांधावर उभा होता. "शेठ बोलले, यंदा जमिनीला इसावा द्यायचाय." नयननं हंडा सोडला तर त्यानं दोर धरला. विहीरही त्यांचीच. तिनं झटापट केली नाही. फक्त तोडायला आलेली भेंडी तोडून घेतली, तेवढी तिच्या घामाची होती. चार दिवसांत पानं माना टाकून लोंबायला लागली. ती रस्त्यानं जाता-येता बघायची आणि आतून जळायची. परशुराम घरात एक शब्द बोलत नव्हता. गोदा तेवढी रोज सकाळी सुनेच्या पुढ्यात चहा ठेवायची आणि म्हणायची, "पी. थंड होतो."

मुलींच्या संडासाच्या दाराला नवी कडी, नवं कुलूप आलं. त्याच दिवशी बायांनी ते पुन्हा तोडलं. नयन तेव्हा तिथे नव्हतीसुद्धा. पण बोलावणं तिलाच आलं, नवऱ्यासकट.

तानाजी सरांसमोर दाखल्याचं पुस्तक उघडं होतं. दौलतशेठ खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता.

"परशुराम, तू घरचा आहेस म्हणून पोलिसांत गेलो नाय," दौलतशेठ म्हणाला. "बायकोनी सरांची माफी मागायची. लिहून द्यायचं. नायतर पोरीचा दाखला घ्या आणि न्या तिला कुठं न्यायची तिकडं."

परशुरामनं नयनकडे बघितलं. घरून निघताना त्यानं तिला माफीसाठी विनवलं होतं. तिनं हो म्हटलं नव्हतं.

"द्या दाखला," नयन म्हणाली.

सरांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी दौलतशेठकडे पाहिलं. त्यानं हात उडवला. सरांनी पेन उघडलं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, इयत्ता लिहिली. मग सवयीनं, वर न बघता विचारलं, "शाळा सोडण्याचं कारण?"

"लिवा," नयन म्हणाली. "पोरगी मुतायला गेली."

पेन थांबलं.

"असं लिहीत नाहीत, ताई."

"मंग कं लिवतान? जा झाला ता लिवा. दुसऱ्या शालेत नेन तवा तिकरचे सर वाचतील. पुढं कालेजात वाचतील. जलमभर जिथं जाल तिथं वाचतील. खाली तुमची सही आनी शिक्का मारा."

"नयन," दौलतशेठ खुर्चीत पुढे सरकला, "तोंड सांभाळ."

तेव्हा परशुराम बोलला. गोदामात दिवसभर ओझी वाहून त्याचा आवाज नेहमी थकलेला असायचा, तसाच होता. "काका, तुकडा तुमचा, तुमी घेतला. त्याच्यावर मी काय बोललो नाय. पोरगी माझी हाय." मग तो सरांकडे वळला. "ती सांगते तसं लिहा, सर."

 शेजारच्या शांतिकक्षात नवे पंखे फिरत होते, त्यांची घरघर ऐकू येत होती. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक मिटलं.

"जाऊ द्या आता," ते म्हणाले. "झालं गेलं. पाठवा मुलीला उद्यापासून."

परशुराम दाराकडे वळला. नयन वळली नाही.

"मोटार कवा बसतं?"

"बघतो मी."

"फोन लावा. हितं, माझ्यासमोर."

सरांनी पुन्हा दौलतशेठकडे पाहिलं. दौलतशेठ खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर मातीवर निळ्या रंगाचा वाळलेला पट्टा अजून तसाच पडला होता. सरांनी मोबाईल काढला, नंबर शोधायला लागले. 

"बसा तरी," ते म्हणाले.

"नाय बसत," नयन म्हणाली आणि टेबलाजवळ तशीच उभी राहिली.